कानातली ताई

दुकानाच्या काउंटरवर कोणी काही आणून ठेवलं, की ताई आधी वस्तूकडे बघायची आणि मग आणणाऱ्याकडे. वस्तूकडे बघताना तिचा चेहरा अगदी शांत असायचा. माणसाकडे नजर गेली, की नाक आपोआप मुरडलं जायचं. वय बावन्न, त्यातली पस्तीस वर्षं या दुकानात. आणि एवढ्या काळात खरं काय घडलं ते पहिल्या वाक्यात सांगणारा एकही माणूस तिला भेटला नव्हता.

"काही केलं नाही हो. आपोआप बंद पडला."

"आपोआप?" ताई मॉनिटरच्या मागच्या जाळीवर बोट फिरवायची. बोटाला चिकट लागायचं. "मग कॉफीसुद्धा यानं आपोआपच प्यायली असेल."

दुकान बाबांचं. समोर टायरवाला, शेजारी चाव्या करणारा, मध्ये हे अरुंद बोळकांडं आणि मागे राहायच्या तीन खोल्या. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर. ते गेल्यावर ताईने तेच पुढे चालवलं, पण काळाबरोबर नव्हे, काळाकडे पाठ करून. जाड पाठीचे टीव्ही, टेपरेकॉर्डर, हिरव्या अक्षरांचे मॉनिटर, टीव्हीला जोडायचे पहिल्या जमान्यातले घरगुती कॉम्प्युटर: दुसरीकडे कुठे कोणी हात लावत नाही असं सगळं तिच्याकडे यायचं. कोणी नवीन वस्तू आणलीच, तर ती उघडूनही बघायची नाही. "यात दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. फेका."

हल्ली जुन्या वस्तूंची हौस करणारे वाढले होते, आणि ताईचा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर. एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून कॉम्प्युटर आणायचे आणि चालू करायला मनाई करायचे. म्हणे किंमत उतरते. एक जोडपं आलं, त्यांना टीव्हीच्या आतलं सगळं काढून त्यात मासे सोडायचे होते. ताईने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मासे तुमच्या डोक्यात सोडा. तिथे जागा तयारच आहे."

पण या सगळ्यांपेक्षा मोठा नमुना तिच्या घरातच होता. तिचा धाकटा भाऊ.

धाकटा तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणजे चव्वेचाळीसचा. तरी घरात अजून त्याला सोन्याच म्हणत. बाबांनी त्याला कामाच्या टेबलाशी बसवायचा प्रयत्न केला, पण तो दहा मिनिटं एका जागी टिकायचा नाही. त्याने विमा विकला, बूट विकले, पाण्याचे फिल्टर विकले. विकता विकता जीभ तेवढी तयार झाली. तीन वर्षांपूर्वी त्याने फोन स्टँडवर लावला, दुकानातला एक जुना रेडिओ पुढ्यात ठेवला आणि चॅनेल सुरू केलं. नाव ठेवलं 'जुनं ते सोनं'.

त्याच्या व्हिडिओची रीत ठरलेली. सुरुवातीला तो एक स्क्रू उघडायचा. आतल्या धुळीवर फुंकर मारायचा. "मित्रांनो, या धुळीत एका पिढीच्या आठवणी आहेत," असं म्हणायचा. मग संगीत. मग चित्र कापलं जायचं, आणि पुढच्या क्षणी वस्तू चालू असायची, धाकट्याच्या कपाळावर घामाचे थेंब असायचे. ते नळाच्या पाण्याचे. त्या कापलेल्या जागेत ताई असायची: कधी चार तास, कधी चार दिवस, अंबाड्यात विणकामाची प्लास्टिकची सुई खोचून, भिंग डोळ्याला लावून, एकेक डाख, म्हणजे शिशाचा सांधा, तपासत.

सुई विणकामाला नव्हती. चालू यंत्राच्या आत धातूचं काही घालता येत नाही, म्हणून ताई त्या सुईने एकेक भाग हलकेच ठोकून बघायची. ठोकल्यावर चित्र थरथरलं, की आजार तिथे. आणि आजार बरा झाल्यावरही ती वस्तू आठ तास अखंड चालवायची. "चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं नव्हे," हे बाबांचं वाक्य. धाकट्याला यातलं पहिलं अर्धं तेवढं समजलं होतं.

एकदा त्याने कॅमेऱ्यापुढे एक भाग उचलून धरला आणि म्हणाला, "आणि हा, मित्रांनो, कॉम्प्युटरचा मेंदू!" ती पंख्याची मोटर होती. खाली चार हजार लोकांनी 'वा दादा' लिहिलं. ताईने त्यातले पहिले पन्नास वाचले आणि फोन पालथा ठेवला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण इथे गीता वाचणारंही गाढवच होतं.

मग ती हे चालवून का घेत होती? भावजय म्हणायची, चॅनेलमुळे गिऱ्हाईक येतं. भावजय दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची; दुखणाऱ्या माणसांना रोज समजावून तिच्या बोलण्यात एक कोरडी नेमकी धार आली होती, आणि ताई घरात कोणाचं ऐकत असलीच तर तिचं. पण खरं कारण ताईने स्वतःलाही सांगितलं नसतं. रोज संध्याकाळी धाकट्याचा नवा मूर्खपणा बघायला मिळायचा, आणि तो बघितल्याशिवाय तिला जेवण गोड लागायचं नाही.

एके दिवशी धाकटा जेवताना गप्प बसला. तेव्हाच ताईच्या लक्षात आलं, की काहीतरी बिघडलंय.

"एका प्रदर्शनाच्या लोकांचा फोन आला होता," तो शेवटी म्हणाला. "जुन्या यंत्रांचा मेळावा आहे मोठ्या हॉलमध्ये. मला बोलावलंय."

"जा की. फीत काप."

"फीत नाही. म्हणजे... प्रत्यक्ष दुरुस्ती. लोक काहीही आणणार, मी स्टेजवर दुरुस्त करणार. अर्ध्या तासात."

ताईचा घास हातातच राहिला. "आणि तू काय म्हणालास?"

"त्यांनी पोस्टर छापलंय, ताई."

"मग पोस्टरलाच दुरुस्त करायला लाव. तुझ्याइतकंच येतं त्याला."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. भावजयीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी हा जाणार. याला नाही म्हणता येत नाही, हा याचा जुना रोग आहे. मग तिथे काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मग धाकट्याने बेत सांगितला. कानात बसणारं एक छोटं यंत्र असतं. ताईने स्टेजच्या मागे बसायचं, फोनवर बोलायचं. तो कानाने ऐकेल आणि तसं करेल.

"म्हणजे डोकं माझं, हात तुझे."

"हो."

"आणि तोंड?"

धाकटा हसला. "ते माझंच लागेल ना."

ताई हो म्हणाली. भावाची अब्रू वाचवायला वगैरे नाही. असा तमाशा पडद्याआडून बघायला मिळणार, हे तिला चुकवायचं नव्हतं.

हॉल प्रचंड होता आणि ताईला अपेक्षित होतं त्याहून भिकार. जुन्या यंत्रांच्या मेळाव्यात अर्ध्या टेबलांवर जुन्या यंत्रांची चित्रं छापलेले कप आणि टी-शर्ट होते. उरलेल्या टेबलांवर कॉम्प्युटर, प्रत्येकावर पाटी: 'तपासलेला, उत्तम'. ताईने जाता जाता एकावर वाकून नाकाने वास घेतला. आतून कुजलेल्या माशासारखी घाण येत होती. कपॅसिटर फुटून त्यातलं रसायन पाझरत होतं.

"कोणी तपासला?" तिने विचारलं.

"आम्हीच."

"नाक बांधून?"

विकणारा तिच्याकडे बघतच राहिला. भावजयीने तिला दंडाला धरून पुढे नेलं.

स्टेजमागच्या खोलीत घडीच्या खुर्च्यांचे ढीग होते. एक खुर्ची उघडून ताई बसली. पडद्याच्या फटीतून धाकटा एका बाजूने, त्याच्या पुढ्यातलं टेबल आणि व्हिडिओसाठी स्टँडवर लावलेला जादा फोन असं सगळं दिसत होतं. पलीकडे तीन-चारशे माणसं. भावजय पहिल्या रांगेत.

वस्तू आणली ती एका छापखानेवाल्याने. वाळलेला, साठीपुढचा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर आणि मॉनिटर त्याने हातगाडीवरून आणला होता. चादर काढून त्याने तिची नीट घडी घातली, तेव्हा ताईने मनात नोंद केली: हा माणूस वस्तू वापरत होता, मिरवत नव्हता.

धाकट्याने बटण दाबलं. काळ्या काचेवर मधोमध एक आडवी हिरवी रेघ उमटली, दोऱ्यासारखी बारीक आणि झगझगीत. वर काही नाही, खाली काही नाही.

ताईला बाकी काही बघायची गरज उरली नाही. चित्र आडवं पसरतंय, उभं पसरत नाही. उभं पसरवणाऱ्या भागाचा कुठला तरी डाख तडकलाय. पाच मिनिटांचं काम.

"सोन्या," ती फोनमध्ये म्हणाली, "सोपं आहे. बंद कर. भिंतीतून वायर काढ. मग मागचं झाकण."

धाकट्याने मान किंचित हलवली आणि लोकांकडे वळला. "मित्रांनो! ही रेघ बघितलीत? ही या यंत्राची जीवनरेषा आहे. हे यंत्र आपल्याला सांगतंय, मी अजून आहे!"

टाळ्या पडल्या.

"जीवनरेषा?" ताई फोनमध्ये म्हणाली. "अरे गाढवा, ती डाख तडकल्याची खूण आहे. जीवनरेषा म्हणे! वायर काढ."

धाकट्याचं हसू जरा डगमगलं. त्याने बटण बंद केलं आणि पेचकस उचलला. उचलताना तो हातातून निसटून खाली पडला. लोक हसले, तोही हसला.

इथे ताईला चव लागली. पस्तीस वर्षांत तिला असा श्रोता मिळाला नव्हता: ऐकतोय, आणि उलट बोलू शकत नाही. "उचल. वाकता तरी येतं का? डावीकडे फिरव, डावीकडे. डावं कुठलं ते बायकोला विचार. बाबा बरोबर म्हणायचे, तुझ्या हाताला बोटं नाहीत, खुंट्या आहेत. पाण्याचे फिल्टर विकायचास तेच बरं होतं, निदान त्यात वीज नव्हती. आता स्क्रू तोंडात धरतोयस? गिळ, गिळ. तेवढंच पोटात काहीतरी जाईल कामाचं..."

स्टेजवर धाकट्याने केस सारखे करावेत तसा हात कानाकडे नेला, खाली आणला आणि खिशात घातला. ताई बोलतच होती. आणखी दोन वाक्यं बोलून झाल्यावर तिला कळलं, की त्याची मान आता तिच्या शब्दांवर हलत नाहीये.

"सोन्या? ऐकतोयस का?"

धाकटा लोकांशी बोलत होता. झाकण निघालं होतं. वायर अजून भिंतीतच होती.

"सोन्या!"

"आणि इथे," धाकटा म्हणाला, त्याचा आवाज आता मोकळा, आनंदी, "या काचेच्या नळीवर बघा, ही लाल वायर आणि ही रबराची टोपी. खरं रहस्य मित्रांनो, इथे दडलेलं असतं. आपण ही टोपी काढून..."

ताई उठली ती थेट पडद्यातूनच बाहेर आली. मागे खुर्च्यांचा ढीग कोसळला. स्टेजवर पोचेपर्यंत तिने अंबाड्यातली सुई उपसली होती, आणि ती तिने धाकट्याच्या मनगटावर अशी हाणली की हात टोपीपासून वीतभर अंतरावरून मागे गेला.

"हात मागे घे, गाढवा!"

धाकट्याच्या कॉलरला माइक होता. गाढव हॉलच्या चारही भिंतींवर आपटून परत आलं.

टाळ्या आणि हशा उसळला. लोकांना वाटलं, हे ठरवलेलंच आहे.

ताई वळली. "हसता काय? खेळ वाटला का हा? बंद केल्यावरही ही काच वीज धरून बसते. पंधरा हजार व्होल्ट. आणि यानं तर वायरही काढलेली नाही. तुमच्यातल्या कोणाच्या घरी जुना टीव्ही असेल आणि उद्या तुम्ही याचं बघून त्यात हात घालाल, म्हणून सांगते: घालू नका. तेवढी अक्कल नसेल तर हात खिशात ठेवा."

हशा आणखी वाढला. ताईने त्यांचा नाद सोडला. तिने वायर उपटली. लांब पेचकसाला एक तार बांधून तिचं दुसरं टोक मॉनिटरच्या लोखंडी चौकटीला अडकवलं. डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्या हाताने पेचकसाचं टोक रबरी टोपीखाली सरकवलं.

टक्क. निळी ठिणगी उडाली.

आता मात्र हॉलमध्ये कोणी हसलं नाही. ती ठिणगी पहिल्या दहा रांगांना दिसली होती, आणि आवाज सगळ्यांना ऐकू गेला होता. धाकटा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभा होता.

ताईने आतली सर्किटची पाटी बाहेर काढली, भिंग लावलं, आणि अर्ध्या मिनिटात तिला हवं ते सापडलं: एका भागाच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग. सोल्डरिंग गन तापायला लागली तसे लोक पुन्हा बोलायला लागले.

"मॅडम, एकदा फॉर्मॅट मारून बघा ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

"कोण ते? फॉर्मॅट तुमचा मारायला हवा. आत काही आहे का, ते आधी बघून."

जुना डाख काढून नवीन बसला, चकचकीत. पाटी आत, झाकण तात्पुरतं, वायर भिंतीत. बटण दाबल्यावर आधी नुसती गुणगुण, मग काच हळूहळू उजळली आणि वरपासून खालपर्यंत हिरवी अक्षरं उभी राहिली. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

"बसा खाली," ताई म्हणाली. "चालू झालाय. दुरुस्त झालाय का, ते आठ तासांनी कळेल."

टाळ्या न वाजवणारा एकच होता, तो छापखानेवाला. तो स्टेजच्या कडेला आला आणि हळूच म्हणाला, "बाई, मी दर महिन्याला झाकण काढून धूळ पुसायचो. त्याने तर नाही ना झालं? माझ्या हातून?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. "नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तापून, निवून, तापून, निवून डाख तडकतो. वय झालं, एवढंच."

गिऱ्हाइकाला इतकं सरळ वाक्य बोलल्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तेवढ्यात मागून धाकट्याचा आवाज आला.

"ही माझी ताई." त्याचा घसा दाटला होता. "तुम्ही आजवर माझ्या चॅनेलवर पाहिलेली एकूणएक वस्तू हिने दुरुस्त केली आहे. मी एकही नाही. मला साधा डाख लावता येत नाही."

पहिल्या रांगेत भावजयीने डोळे मिटून घेतले. ताईला मात्र त्या दाटलेल्या घशाचा भरवसा नव्हता. पाण्याचे फिल्टर विकतानाही त्याचा घसा असाच दाटायचा, गढूळ पाण्याने आजारी पडलेल्या बाळाची गोष्ट सांगताना. आणि स्टँडवरचा फोन अजून चालू होता.

तिघं घरी आली. स्वयंपाकघरात भावजयीने चहाचं पातेलं ठेवलं, आणि ताईने सुरुवात केली.

"छान जमलं हो शेवटचं. रडण्याची तालीम केली होतीस का?"

"ताई, खरं बोललो मी."

"कॅमेऱ्यापुढे."

"खोटं कॅमेऱ्यापुढे बोलत होतो, मग खरं कुठे बोलणार? कपाटात?" धाकटा खुर्चीवर बसला होता, मनगटावर सुईचा लाल वळ. "तुला माझं खरंही खोटंच वाटतं. मग मी कशाला त्रास घेऊ?"

"त्रास? त्रास तू घेतलास? हात कोळसा झाला असता आज. कानातलं काढलंस कशाला ते सांग आधी."

धाकटा मनगटावरचा वळ चोळत राहिला.

"सांग ना. कशाला काढलंस?"

"तू शिव्या देत होतीस म्हणून." तो चढ्या आवाजात बोललाच नाही, आणि त्यामुळे ते जास्त ऐकू आलं. "चारशे माणसं समोर, आणि कानात तू. खुंट्या म्हणालीस. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी म्हटलं होतं ते. मी पहिला डाख लावला होता, वेडावाकडा, आणि बाबांनी तो तुला दाखवला. आणि तुम्ही दोघं हसलात. खूप हसलात. त्यानंतर मी टेबलाशी बसलो नाही. तुम्हाला वाटलं, माझं बूड स्थिर नाही."

चहा उकळून वर आला. भावजयीने गॅस बंद केला.

ताईने तोंड उघडलं. उत्तर सुचलं नाही. असं तिच्या बाबतीत सात-आठ वर्षांत एखाद्या वेळी घडायचं, आणि तेव्हा ती ज्या माणसामुळे घडलं त्याच्यावर महिनाभर डूख धरायची. आता तिला तो डाख आठवला. खरंच वेडावाकडा होता. वटवाघळासारखा दिसत होता, आणि तसं ती म्हणालीही होती. आज तिच्या जिभेने याला स्टेजवर एकटं पाडलं, आणि वायर भिंतीत राहिली. हा हिशेब तिला दोन मिनिटांत मांडता आला; बिघाड शोधायची सवय होती. दोष दोन जागी होता, आणि त्यातली एक जागा ती स्वतः होती.

"चहा घे," ती म्हणाली, आणि आपला कप उचलून दुकानात निघून गेली.

तो व्हिडिओ धाकट्याच्या सगळ्या व्हिडिओंच्या डोक्यावर पाय देऊन वर गेला. लोकांना ठिणगीपेक्षा गाढव आवडलं. आठवड्याभरात दुकानापुढे माणसं जमायला लागली, इतकी की टायरवाल्याला आपल्या गिऱ्हाइकांसाठी दोर बांधून वाट काढावी लागली.

आणि ही माणसं! ताईने आजवर बघितलेली सगळी गिऱ्हाइकं यांच्यापुढे ऋषीमुनी होती. एक कोट घातलेला माणूस चालू ट्रान्झिस्टर घेऊन आला.

"काय होतंय याला?"

"काही नाही, चालू आहे."

"मग इथे कशाला आलात?"

"नाही, म्हणजे..." तो लाजला, "एकदा गाढव म्हणा ना. बायको व्हिडिओ काढतेय."

ताईने त्याला जे म्हटलं ते गाढवापेक्षा बरंच खालचं होतं. त्या दोघांनी आनंदाने आभार मानले. तिने ओरडून हाकललं तर टाळ्या पडायच्या. दार आपटलं तर लोक ते पुन्हा आपटायला सांगायचे. आयुष्यभर जपलेला तिचा तिरस्कार, ज्यावर तिचा खराखुरा जीव होता, तो लोक शेंगदाण्यासारखा खात उभे होते.

कडेलोट झाला तो एका टोस्टरमुळे. "आपोआप बंद पडला," म्हणत एका तरुण बाईने तो पुढे केला. ताईने उघडून बघितला. आतली वायर मुद्दाम सोडवलेली होती. स्क्रूच्या खाचेत पेचकसाचे ओरखडे अजून ताजे, चकचकत होते. चांगली वस्तू, फक्त शिवी खायला, हाताने बिघडवली होती.

ताईने वर बघितलं. बाईचा फोन तयार होता. मागे वीसेक माणसं माना उंच करून उभी.

ताईने मान खाली घातली. वायर जोडली, टोस्टर बंद केला, दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाली, "झालं हं. फार सुंदर टोस्टर आहे आपला. बाहेर ऊन आहे, पाणी घेणार का थोडं?"

बाईने फोन खाली घेतला. "अहो, पण..."

"काही पण नाही. आपण एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. या पुन्हा."

दुसऱ्या दिवसापासून तिने हेच सुरू केलं. या, बसा. वा, कुठून आणलीत ही वस्तू? आपली निवड उत्तम आहे. माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहायची, आता फुटेल, मग फुटेल. ती फुटायची नाही. आत जे काही उकळत होतं ते तिने दातांमागे धरून ठेवलं, आणि जितकं जास्त उकळायचं तितकी ती जास्त गोड बोलायची. तिच्या लेखी कोणाला 'आपण' म्हणणं म्हणजे त्या माणसाला खर्चात जमा करणं होतं. पण हे त्यांना कुठून कळणार? तीन आठवड्यांत गर्दी पांगली. टायरवाल्याने दोर सोडला. चॅनेलखाली लोक लिहायला लागले, ताई बदलल्या, ताईंना प्रसिद्धी चढली, आता पहिल्यासारखी मजा नाही.

"लोक नाराज आहेत, ताई," धाकटा म्हणाला.

"हो का? अरेरे."

धाकट्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि खूप दिवसांनी पोट धरून हसला.

त्याच आठवड्यात ताईने कामाच्या टेबलाच्या पलीकडे एक स्टूल ठेवलं. कोणासाठी, ते सांगितलं नाही. स्टुलापुढे एक निकामी पाटी, शिशाचं रीळ आणि दुसरी सोल्डरिंग गन. धाकट्याने दोन दिवस ते स्टूल येता-जाता बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो येऊन बसला. फोन आणला नव्हता.

पहिला डाख गोळा झाला, दुसरा सुकलेल्या चिखलासारखा मातकट. ताईने पाटी भिंगाखाली धरली. चार अत्यंत नेमके शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले. असे शब्द रोज येत नाहीत. तिने ते गिळले, आणि गिळताना तिचा चेहरा असा झाला की धाकटा घाबरला.

"काय?"

"गन आधी पायाला लाव. पाय तापू दे. मग शिसं. आधी शिसं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. कर."

त्याने केला. तिने तो बघितला. "परत."

दारात छापखानेवाला उभा होता, हातात चादरीत बांधलेला छोटा टेबल-रेडिओ. "सध्या काम आहे वाटतं," तो म्हणाला.

"ठेवा तिथे. काय झालंय?"

"माझ्या हातून पडला."

पहिल्याच वाक्यात खरं! ताईने नाक न मुरडता रेडिओ घेतला, पावती लिहिली आणि त्याला परवा यायला सांगितलं. तो गेल्यावर तिने रेडिओ उघडला. एक वायर सुटली होती, दोन मिनिटांचं काम. तिने तो पुन्हा बंद करून धाकट्याच्या बाजूला सरकवला.

"हा?" धाकटा म्हणाला. "खरा? ताई, गिऱ्हाइकाचा आहे."

"त्याचा आहे म्हणूनच. आधी पाटीवर वीस चांगले लाव, मग याला हात."

दुपारी भावजय दवाखान्यातून जेवायला आली तेव्हा धाकटा अकराव्यावर होता. वाकून वाकून मान लाल झालेली, जीभ दातांत धरलेली. तिने ताईकडे बघितलं, ताईने खांदे उडवले. दोघी मागे जाऊन जेवल्या. ताईने त्याचं ताट झाकून ठेवलं, परत दुकानात आली, आणि समोर बसून तोंडातून अवाक्षर न काढता त्याच्या चुका मोजायला लागली.